भिंतीतल्या अकरा राशी

जमिनीखाली एवढं खोल जाऊन भिंतीवर चित्र लावायचं, ही गोष्ट आनंदाला पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. "घर सजवतान ते चार लोकांनी बगावा म्हनून. जमिनीखाली कोन बगतंय? उंदीर?" असं तो बायकोला विचारायचा आणि आपल्याच बोलण्यावर आपणच हसायचा.

 गोदूला एवढंच कळलं होतं की मुंबईत भुयारी मेट्रोचं एक नवं स्टेशन होतंय, त्याच्या एका भिंतीवर चाळीस फूट लांबीचं मिठागर येणार आहे, आणि ते मिठागर इथे करंजाड्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, सहा बायकांच्या हातून, टाइलच्या नखाएवढ्या तुकड्यांतून तयार होतंय. त्या सहांत ती एक होती. छप्पन्नाव्या वर्षी नवं काम शिकायला बसली होती, आणि बोटांना चिंध्या गुंडाळून का होईना, नेटानं शिकत होती.

शेड हेतलबेनची. पनवेलच्या बाजारात तिचं टाइलचं दुकान, आणि हा नक्षीच्या भिंतींचा धंदा जोडीला. बाई मनानं चांगली, पण कायम घाईत. तिच्या तोंडून दर तिसरा शब्द 'अर्जंट' निघायचा, आणि बायका तिच्या पाठीमागे तिला अर्जंटबेनच म्हणायच्या. चित्र मात्र प्राजक्तानं काढलेलं. ती ओवे गावची, आगऱ्यांचीच पोर, कॉलेजात चित्रकला शिकलेली. स्टेशन बांधणाऱ्यांनी प्रत्येक भिंतीला विषय दिला होता, 'शहराच्या आठवणी'. त्या आठवणी कुणाच्या, हे विचारायला साहेबांपैकी कुणी पनवेलला आलं नाही. प्राजक्ता आली.

ती आनंदाकडे आली, कारण आनंदा चाळीस वर्षं मिठागरावर राबलेला होता. ते मिठागर आता नाही. डोंगर फोडून त्याच्यावर भराव घातला, गाव उठवून करंजाड्याच्या प्लॉटवर आणून बसवलं, आणि जिथे आनंदा गुडघाभर खारट पाण्यात उभा राहायचा तिथून आता विमानं उडतात. प्राजक्तानं अंगणात मोठा कागद पसरला. आनंदानं उजवा डोळा मिटला, तो तसाही कामातून गेलेला होता, आणि डाव्या डोळ्यानं कागदाला नाक लावून तिची प्रत्येक रेघ तपासली.

"रास अशी नाय, पोरी," तो म्हणाला. "ही तू भाताची काडलीस. मिठाची रास बसते. खाली रुंद, वरशी थापटून गोल. आनि अकरा काड. आमच्या बांधावर अकराच लागायच्या."

प्राजक्तानं खोडलं, पुन्हा काढलं. तीन दुपारी हे चाललं. शेवटी आनंदानं मान डोलावली तेव्हा गोदूला वाटलं, इतक्या वर्षांत हा माणूस एवढा खूश तिनं फक्त लेकीच्या लग्नात पाहिला होता.

आणि त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखरेनं डाव्या डोळ्याचाही पडदा खाल्लाय. लेझर झालं होतं. इंजेक्शनं चालू होती. "जे आहे ते सांभाळू," डॉक्टर म्हणाले, "पण काका, दिवाळीपर्यंत दिसेलच असं धरून चालू नका."

आनंदा बाहेर येऊन बाकावर बसला आणि बराच वेळ चपलेचा अंगठा शोधत राहिला. मग म्हणाला, "गोदू, ती भीत कदी लागनार हाय?"

"गुढीपाडव्याला."

"मंग झाला. पाडवा काय लांब हाय."

एवढंच त्याला हवं होतं. मिठागर गेलं, गाव गेलं, त्याबद्दल त्यानं कधी कपाळ बडवून घेतलं नव्हतं. पण नजर जायच्या आधी ते मिठागर एकदा, एकदाच, डोळ्यांनी बघायचं. गोदूनं मनाशी पक्कं केलं की हे करून द्यायचं. बाकी काही नाही झालं तरी चालेल.

ती दुसऱ्याच दिवशी त्याला शेडमध्ये घेऊन आली. तिला वाटलं होतं, भिंतीची काय वाट बघायची, निम्मं चित्र तर आमच्या टेबलावरच आहे. पण हे काम असतं उफराटं. चित्र खाकी कागदावर आरशातल्यासारखं उलटं छापून येतं, प्रत्येक जागेला रंगाचा नंबर. नंबर बघून टाइलचा तुकडा घ्यायचा, त्याची रंगीत चकचकीत बाजू खाली करायची आणि मैद्याच्या खळीनं कागदाला चिकटवायची. कागद भरला की वरून दिसते ती नुसती टाइलची पाठ, मातकट आणि सगळीकडे सारखी. मग त्या शीट मुंबईला जातात. तिथले कारागीर ती पाठ भिंतीवरच्या सिमेंटात दाबतात, आणि सिमेंट धरलं की कागद भिजवून सोलून काढतात. तेव्हा कुठे चित्राचं तोंड बाहेर येतं. म्हणजे ज्यांनी चित्र केलं त्यांना ते दिसतच नाही. दिसतं ते गाडीची वाट बघणाऱ्यांना.

आनंदा टेबलांवरून वाकून वाकून फिरला. "सगला चिखलच हाय गो," तो म्हणाला.

बायका हसल्या. तोही हसला. गोदूला हसू आलं नाही.

पाडवा आला आणि गेला. स्टेशन उघडायची तारीख महाराष्ट्र दिनावर गेली, आणि मग कुणी तारीख सांगायचंच बंद केलं. मोठ्या कामांचं असंच असतं. नारळ वेळेवर फुटतो, बाकीचं सवडीनं होतं. पण आनंदाच्या डोळ्याला कुणी मुदतवाढ दिली नव्हती. आधी त्याला बसची पाटी दिसेना, मग दारात उभा असलेला माणूस ओळखू येईना. चित्राचा वरचा भाग, आभाळ आणि कर्नाळ्याचा सुळका, मुंबईला भिंतीवर लागला होता हे गोदूला माहीत होतं. ती हेतलबेनच्या मागे लागली.

"मना नका नेऊ. त्यांना न्या. मी भायेर उभी रातंय. पाच मिनटं, हेतलबेन."

"काकी, मी तीन वेळा विचारलं," हेतलबेन म्हणाली. "साइटवर बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. साठच्या वरचा, त्यात नजर कमी. हेल्मेट घातलं तरी नाही म्हणतात."

"त्यांची नजर कमी हाय म्हनून तं सांगतंय!"

आणि मग गोदूनं जे केलं ते तिनं कुणासाठी केलं नसतं. सगळ्या बायकांसमोर ती खाली बसली आणि तिनं आपल्या लेकीच्या वयाच्या बाईचे पाय धरले. हेतलबेन दचकून मागे सरली. "असं नका करू काकी, मला पाप लागेल," म्हणत ती रडवेली झाली. पण परवानगी तिच्या हातात नव्हतीच. गोदू उठली, पदरानं तोंड पुसलं आणि आपल्या जागेवर जाऊन तुकडे लावू लागली. त्या दिवशी कुणी गाणं म्हटलं नाही.

एप्रिलमध्ये प्राजक्तानं साइटवरून चोरून एक फोटो काढून आणला. संध्याकाळी ती तो दाखवायला घरी आली. आनंदानं फोन डोळ्याला अगदी टेकवला, मग लांब धरला, मग वाकडा धरला.

"काय दिसतंय, काका?"

"उजेड हाय," आनंदा म्हणाला. जरा थांबून पुन्हा म्हणाला, "चांगला उजेड हाय."

प्राजक्तानं गोदूकडे पाहिलं आणि फोन हळूच परत घेतला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गोदूच्या डोक्यात ती गोष्ट आली. आनंदा ओट्यावर बसून सुकट निवडत होता. डोळे कुठेतरी समोर रस्त्याकडे, आणि बोटं ताटात. त्याच्या बोटांतून एक काडी, एक खडा सुटत नव्हता. गोदू दारात उभी राहून बघत होती. आणि एकदम तिच्या मनात आलं की आपण एवढे दिवस याच्या डोळ्यांच्या मागे लागलोय. याचे हात तर धडधाकट आहेत.

राशींच्या शीट अजून व्हायच्या होत्या. त्या नेमक्या गोदूच्याच टेबलावर आल्या होत्या, बावीस शीटमध्ये मिळून अकरा राशी. शेडच्या कोपऱ्यात कुठल्याशा बंगल्याच्या अंगणासाठी आणलेल्या जाड पांढऱ्या टाइलचे तुकडे पडून होते. प्राजक्ता तेव्हा रोज मुंबईला साइटवर. आणि शेडमधली सगळ्यात जुनी कारागीर, शिरढोणची कमळाबाई, भाचीच्या लग्नाला आठ दिवस गेलेली. विचारायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गोदूला कुणाला विचारायचंही नव्हतं. नाही म्हणाले असते तर?

तिनं रंगांचे नंबर मोडले नाहीत. पांढरा तिथे पांढरा, करडा तिथे करडा, निळसर तिथे निळसर. फक्त राशीच्या कडेला पातळ तुकडे लावले, आत जाताना जाड, आणि मध्यावर तर दोन-दोन एकावर एक चिकटवून पुरती बोटभर उंची चढवली. डावं-उजवं उलटं येतं हे तिनं पहिल्या आठवड्यातच शिकून घेतलं होतं, ते तिनं बरोबर सांभाळलं. आठ दिवस ती मान वर न करता काम करत होती. एक शीट पुरी झाली की डोळे मिटायची आणि हात फिरवायची. खाली रुंद, वर गोल. पहिल्या शीटवर रास हाताला लागली तेव्हा तिला एवढं भरून आलं की ती मोरीत जाऊन रडून आली.

त्या रात्री तिनं आनंदाला सांगितलं. परातीत तांदूळ ओतले, त्याची रास केली, त्याचा हात धरून वर ठेवला. "एवडी उंच नाय. पन लागंल. हाताला लागंल."

आनंदा बराच वेळ त्या तांदळांवरून हात फिरवत राहिला. "अकरा?"

"अकरा."

"मंग डोल्यांची काय पडलीय," तो म्हणाला.

हे तो नुसतं बोलला असता तर एक वेळ चाललं असतं. पण आनंदा हट्टी. जूनमधलं इंजेक्शन त्यानं चुकवलं. गोदू ओरडली, रुसली, लेक उरणहून येऊन ओरडून गेली. "सुया टोचून घेऊन काय करायचाय? माजी सोय झायली," एवढंच त्याचं उत्तर. जुलैचंही चुकवलं. आणि करंजाड्यात तो सगळ्यांना सांगत सुटला, न्हाव्याला, देवळाच्या पायरीवर बसणाऱ्यांना, रिक्षावाल्यांना, की तुम्ही बघा फोटो, मी हातानं बघणार. मिठागर हातानं बघणार. लोक हो हो म्हणायचे. ऑगस्टमध्ये डाव्या डोळ्यातला उजेडही मावळला. तो फारसा घाबरला नाही. त्याला भिंत होती.

त्याच महिन्यात मुंबईहून तक्रार आली. हेतलबेन तणतणत शेडमध्ये शिरली. "बावीस शीट जाड कुणी पाठवल्या? तिकडचा मिस्त्री शिव्या घालतोय! एवढं अर्जंट काम आणि त्याला जाडीचा वेगळा हिशोब!"

गोदूला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला. तक्रार आली म्हणजे राशी लागल्या. भिंतीतून बाहेर आल्यात, म्हणून तर ओरडतायत. आता सोलून काढणार थोड्याच. ती खाली मान घालून गालातल्या गालात हसत होती. कमळाबाईनं ते हसू पाहिलं आणि हे काम कुणाचं ते तिच्या लक्षात आलं.

"माझ्या हातून झालं, हेतलबेन," कमळाबाई म्हणाली. "टाइल कमी पडल्या, म्हणून जाड वापरल्या."

हेतलबेन बडबडत गेली. कमळाबाईनं स्टूल ओढलं आणि गोदूजवळ बसली. "का केलंस?"

गोदूनं सांगितलं. भडाभडा सगळं सांगितलं, सुकट, तांदूळ, अकरा राशी. कमळाबाई ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"अगं बाई," ती म्हणाली, "कागदाला जी बाजू लागते ते तोंड. कागद सपाट, म्हणजे तोंड सपाटच राहणार. तू जाडी चढवलीस ती पाठीला."

"म्हंजे?"

"म्हणजे त्यांना भिंतीचं प्लास्टर खोदावं लागलं. म्हणून तो शिव्या देतोय. खड्डे करून तुझ्या राशी आत दाबल्यात. वरून हात फिरवलास तर ताटासारखं गुळगुळीत."

गोदूला आधी कळलं नाही. मग तिनं टेबलावरची एक शीट उचलली, उलटी केली, कागदावरून हात फिरवला, परत सुलटी केली. डावं-उजवं लक्षात ठेवलं होतं. पुढचं-मागचं विसरली होती. आठ दिवस डोळे मिटून जी रास ती चाचपत होती ती राशीची पाठ होती. ती आता सिमेंटात, भिंतीच्या पोटात, कायमची गेली होती. तिनं दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. कमळाबाईनं हात धरले नसते तर ती थांबली नसती.

तिनं प्राजक्ताला फोन लावला. "एक रास. एक तरी भायेर काडता येल?"

"काकी, भिंत पूर्ण झाली. तपासणीही झाली. आता त्याला कुणी हात लावू देणार नाही." प्राजक्ताचा आवाज चिरकला. "मला आधी का नाही सांगितलंत? मी काहीतरी केलं असतं. वरून वेगळी बसवली असती."

 गोदूला वाटलं होतं, आपल्या माणसासाठी आपण एक गोष्ट कुणालाही न विचारता करून दाखवू. केली ती अशी.

आनंदाला सांगायला ती तीनदा बसली. एकदा त्यानं मध्येच विचारलं, "राशींच्या मधी बांद पन लागंल काय हाताला?" आणि ती उठून स्वयंपाकघरात गॅसपाशी जाऊन नुसती उभी राहिली. एकदा तो झोपला. तिसऱ्यांदा तिनं सरळ तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "भाजी काय करू?" या माणसानं माझ्या शब्दावर इंजेक्शनं सोडली. आता याला कुठल्या तोंडानं सांगू? रोज सकाळी उठल्यावर तिच्या मनात पहिली गोष्ट हीच यायची, आणि ती देवाला म्हणायची की ते स्टेशन उघडूच नये.

स्टेशन दसऱ्यानंतर उघडलं. मंगळवारी दुपारी गर्दी कमी असते, म्हणून प्राजक्ता हेतलबेनची गाडी घेऊन आली. आनंदा सकाळपासून तयार होता. पांढरा सदरा, केसांना तेल, आणि हाताची नखं कापलेली. नखं बघून गोदूला हुंदका आला, तो तिनं खोकल्यात लपवला. "तुमाला बरा नाय वाटत तं पुढल्या आटवड्यात जाव," ती म्हणाली. "मना काय झायलंय?" तो म्हणाला आणि दाराकडे चालू लागला. समुद्रावरच्या लांब पुलावरून गाडी गेली तेव्हा त्यानं काच खाली करायला सांगितली आणि खाजणातल्या खाऱ्या चिखलाचा वास आला की नाही ते ताडून पाहिलं. गोदू त्याच्या शेजारी बसून पदराचं टोक पिळत होती.

सरकत्या जिन्यानं ते खाली उतरले. एक जिना, दुसरा, तिसरा. आणि गोदू एवढी खचलेली होती तरी खाली पोचल्यावर क्षणभर तिचा श्वास अडकला. वर चिखल, खड्डे, हॉर्न. आणि खाली हे. छत उंच आणि गोलाकार, त्यातून झिरपणारा दुधी उजेड. पायाखाली असा दगड की त्यात माणसाचं रूप दिसावं. खांब वर जाऊन फुलांसारखे उमललेले, त्यांना तांब्याच्या पट्ट्या. थंड वारा. आणि समोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मिठागर. आभाळ सकाळचं, सुळका निळा, वाफ्यांत पाणी चमकतंय, आणि बांधावर अकरा राशी, पांढऱ्याशुभ्र. तिनं नखाएवढ्या तुकड्यांची मातकट पाठ तेवढी पाहिली होती. हे तोंड ती पहिल्यांदा बघत होती. माणसं जिन्यावरून घाईनं उतरत होती आणि त्या भिंतीसमोर आल्यावर त्यांची चाल आपोआप मंदावत होती. डब्याची पिशवी घेतलेली एक बाई तर चक्क थांबली आणि उगीचच हसली.

"आलं?" आनंदानं विचारलं.

"आलं."

"दाव."

प्राजक्ता दोन पावलं मागे सरली. गोदूनं त्याचा हात धरला आणि पहिल्या राशीवर ठेवला. त्याची बोटं हलली. आडवी गेली, उभी गेली. भिंत गार होती, आणि सपाट होती. त्यानं दोन्ही हात लावले. दोन पावलं डावीकडे सरकला, पुन्हा चाचपलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, मग ती आठीही गेली आणि चेहरा नुसता कोरा झाला.

"हितं नाय वाटतं," तो म्हणाला. "पुडं हाय काय?"

तेव्हा गोदूचा बांध फुटला. "हितंच हाय वो. आत हाय. मी उलटी लावली. सगल्या राशी भितीत गेल्या. मना ऑगस्टपासून ठावं हाय, मी सांगितला नाय. माजी जीबच नाय उचलली." ती स्टेशनच्या त्या आरशासारख्या फरशीवर बसकण मारणार होती, पण त्याचा हात तिच्या हातात होता म्हणून उभी राहिली.

 आनंदा रागावला असता, त्यानं शिवी दिली असती, तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याचा उजवा हात भिंतीवर तसाच होता आणि बोटं अजून शोधत होती.

"मी सांगतंय," गोदू रडत म्हणाली. "मी एकेक सांगतंय तुमाला, काय काय हाय ते."

"तू नको," तो म्हणाला. "तू मीठ पायलंयस. तू मना आपला मिठागर सांगशील. मना भितीवर काय हाय ते पायजे."

तेवढ्यात मागून कुणी म्हणालं, "आजोबा, प्लीज, जरा साइडला होता का? एक फोटो घ्यायचाय." ऑफिसची बॅग पाठीला लावलेली एक तरुण मुलगी होती. गोदू त्याला बाजूला ओढू लागली. तो हलला नाही. त्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"पोरी, तुला काय दिसतंय?"

मुलगी गोंधळली. तिनं फोन खाली केला, त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मग, बहुधा पहिल्यांदाच, नीट भिंतीकडे पाहिलं. "मीठ आहे, आजोबा. म्हणजे, मिठाचे ढीग. रांगेत आहेत."

"किती?"

तिनं बोटानं मोजले. "अकरा."

"कसं हायत? टोकदार?"

"नाही, नाही. गोल आहेत वरून. कुणीतरी थापटल्यासारखे. खाली पसरट." ती एक पाऊल पुढे आली. आता तिला फोटोची आठवण नव्हती. "सुंदर आहे. खूपच सुंदर आहे. एका बाजूनं ऊन पडलंय ना, त्यामुळे ते एकदम भिंतीतून बाहेर आल्यासारखे वाटतात. हात लावला तर हाताला लागतील असे."

आनंदाचा हात त्याच राशीवर होता. गोदूनं डोळे मिटून घेतले.

"पानी?" आनंदा म्हणाला. "वाफ्यात पानी हाय?"

"आहे. त्यात आभाळ दिसतंय." आतून गाडीचा आवाज आला. मुलगी चुळबुळली. "सॉरी आजोबा, माझी ट्रेन आली," म्हणाली आणि धावली. दारं उघडली, दारं मिटली, गाडी निघून गेली. त्या बाजूला कुणी उरलं नाही.

प्राजक्ता पुढे आली. तिचे गाल ओले होते. "काका, चला. घरी जाऊ."

आनंदानं मान हलवली. पाठ भिंतीकडे न करता तो तसाच, एक हात राशीवर ठेवून, जिन्याच्या बाजूला तोंड करून उभा राहिला.

"दुसरी गाडी कदी हाय?"

"सात मिनिटांनी," प्राजक्ता म्हणाली.

"मंग मानसं येतीलच." त्यानं गोदूचा हात शोधला आणि दाबला, जरा जास्तच जोरात. "तू उबी र्‍हा. कोन आला का मना सांग. बांदावर बाया दिसतान का नाय, ते इचारायचा र्‍हायला."

सरकत्या जिन्यावरून एक माणूस मोबाइलमध्ये बघत खाली येत होता. गोदूनं पदरानं डोळे पुसले, आणि आयुष्यात कधी अनोळखी पुरुषाला हाक न मारलेली ती बाई, तो खाली पोचायच्या आधीच, मोठ्यानं म्हणाली, "ओ दादा, जरा हितं येता काय?"